घाटावर, तळ्याकाठी, पठारावर गाडा लावायचा तर परवानगी कोणाची?

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण सुट्टी मिळाली की माणसं पाण्याच्या काठालाच जातात. वाईचा गणपती घाट, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीत आयर्विन पुलाजवळचा कृष्णाकाठ, हरिपूरचा संगम, औदुंबर, वरती महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, पलीकडे बामणोली-तापोळ्याचा शिवसागर. माणसं जमली की भेळ, कणीस, चहा, उसाचा रस, नारळ-फुलं, खेळणी विकणाराही तिथं येतो. त्याला पहिला प्रश्न पडतो तो असा: नगरपालिकेत जायचं, ग्रामपंचायतीत, तहसीलला की वन खात्यात?

उत्तर एका ओळीत सांगता येतं. जमीन ज्याची, परवानगी त्याची. हे आधी न पाहता जवळच्या कचेरीत अर्ज टाकणारे वर्षभर हेलपाटे घालतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हातात असतो, पण गाडा उभा असतो वन खात्याच्या हद्दीत. दाखला खरा असूनही तिथं त्याचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: जागेची परवानगी आणि तुम्ही जे विकता त्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अन्न परवाना आहे म्हणून जागा मिळत नाही, आणि जागा मिळाली म्हणून खाद्यपदार्थ विकता येत नाहीत. दोन्ही कागद लागतात.

जमीन कोणाची हे कसं शोधायचं

गावठाणाबाहेरची जागा असेल तर गट नंबर काढा आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहा. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका पाहावी लागते. नावाच्या रकान्यात जे लिहिलंय त्यावरून पुढचं दार ठरतं: नगरपरिषद, महाराष्ट्र शासन, वन विभाग, पाटबंधारे, देवस्थान ट्रस्ट किंवा खाजगी मालक. गट नंबर माहीत नसेल तर तलाठ्याकडे गावनकाशा असतो. जागा प्रत्यक्ष दाखवून नंबर विचारून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका, उतारा काढा.

नदीच्या पात्राला बहुतेक ठिकाणी सातबारा नसतोच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रं आणि ज्यांच्यावर दुसऱ्या कोणाची मालकी नाही अशा जमिनी सरकारच्या. म्हणजे घाटाच्या पायऱ्या संपून जिथं वाळू-गाळ सुरू होतो, तिथून पुढं विषय महसूल खात्याचा. पायऱ्यांवरचा फरसबंद भाग मात्र नगरपरिषदेचा असू शकतो, संस्थानाचा असू शकतो किंवा एखाद्या घराण्याच्या नावावरही निघू शकतो. दहा पावलं पुढं-मागं झालात की खातं बदलतं. म्हणून अर्जात ‘नदीकाठी’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक मंदिराच्या उत्तरेस, अमुक सि. स. नंबर, ६ फूट बाय ४ फूट’ असं लिहा आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडा. असा अर्ज टेबलावरून परत येण्याची शक्यता बरीच कमी होते.

धरणाच्या पाण्याकाठची जमीन बहुधा जलसंपदा विभागाने संपादित केलेली असते. धोम, कण्हेर, कोयना, उरमोडी कुठंही जा, पाणी खाली गेलं की उघडी पडणारी जमीन मोकळी दिसते, पण ती मोकळी नाही. तिथला अर्ज संबंधित धरण विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे जातो. कोयनेच्या जलाशयाला लागून अभयारण्यही आहे, त्यामुळे वन्यजीव विभागाचा शब्दही लागतो. राष्ट्रीय किंवा राज्य महामार्गाच्या हद्दीत, म्हणजे डांबराच्या कडेपासून पार हद्दीच्या दगडापर्यंत, गाडा उभा असेल तर तो महामार्ग प्राधिकरणाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा विषय. पसरणी घाटात वळणावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना म्हणूनच गावचा दाखला वाचवू शकत नाही.

शहराच्या हद्दीत: पथविक्रेता कायदा

जागा महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर तुमच्या बाजूने एक भक्कम केंद्रीय कायदा उभा आहे: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. महाराष्ट्राने त्याखालचे नियम २०१६ मध्ये केले. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, सातारा, कराड, वाई, महाबळेश्वर, पाचगणी, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), विटा, तासगाव ही सगळी शहरं त्याच्या कक्षेत येतात. घाटावर बसणारा फुलवाला या कायद्यात ‘पथविक्रेता’च ठरतो, कारण रस्त्याबरोबर पदपथ, उद्यान आणि इतर सार्वजनिक जागाही कायद्याने धरल्या आहेत.

या कायद्यात निर्णयाचं ठिकाण म्हणजे नगर पथविक्रेता समिती. अध्यक्ष महापालिकेत आयुक्त, नगरपरिषदेत मुख्याधिकारी. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यात एक तृतीयांश महिला. ही समिती दर पाच वर्षांनी किमान एकदा शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करते. सर्वेक्षणात नोंद झाली की पथविक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळण्याचा हक्क तयार होतो. शहराच्या, प्रभागाच्या किंवा क्षेत्राच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतक्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं असं प्रमाण आहे. ४० हजार वस्तीच्या गावात हा आकडा १,००० होतो. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांना तो पुरेसा आहे. एखाद्या ठरावीक जागेवर मात्र क्षमतेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून निवड होते आणि उरलेल्यांना लगतच्या क्षेत्रात जागा द्यावी लागते.

घाटावरच्या विक्रेत्याचं खरं नुकसान सर्वेक्षणाच्या वेळी होतं. सर्वेक्षण पावसाळ्यात निघालं तर घाट पाण्याखाली आणि गाडा घरी. मोजणारा माणूस मुख्य बाजारपेठ फिरून जातो, आणि जत्रा-सुट्ट्यांच्या हंगामावर जगणारा विक्रेता यादीत येतच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, नगरपरिषदेच्या नागरी उपजीविका कक्षात जाऊन सर्वेक्षण कधी आहे हे लेखी अर्जाने विचारून ठेवायचं. दोन, आपण त्या जागेवर धंदा करत आलो याचे पुरावे आत्तापासून जमवायचे: भुईभाड्याच्या किंवा बाजार फीच्या पावत्या, दंड भरला असेल तर त्याचीही पावती, तारीख दिसणारे फोटो, आजूबाजूच्या दुकानदारांचं म्हणणं. पावत्या उन्हात फिक्या पडतात. त्यांचे फोटो काढून ठेवा.

रोजची पावती म्हणजे परवाना नव्हे, हे मात्र ठामपणे लक्षात घ्यायला हवं. वसुलीचा ठेकेदार येतो, दहा-वीस रुपयांची पावती फाडतो, आणि विक्रेत्याला वाटतं की आपण अधिकृत झालो. ती पावती त्या दिवशीच्या जागेच्या वापराची आहे. पुरावा म्हणून ती मोलाची, पण उद्या अतिक्रमण पथक आलं तर तेवढ्यावर भागत नाही.

प्रमाणपत्राच्या अर्जाला आधार, रहिवासी पुरावा, दोन फोटो, बँक पासबुकची प्रत, असल्यास जात किंवा दिव्यांग प्रमाणपत्र आणि एक हमीपत्र लागतं. हे हमीपत्र सही करण्याआधी नीट वाचा. त्यात तीन गोष्टी असतात: धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे माणूस करील, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कोणाला भाड्याने किंवा हस्तांतर करून देणार नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी गाडा लावणाऱ्याने दुसरी अट लक्षात घ्यावी. खोटं हमीपत्र पुढे अंगाशी येतं. आणि तिसरी अट मोडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. जागा मोक्याची असली की कोणी तरी महिन्याला ठरावीक रक्कम देतो म्हणतो आणि मूळ विक्रेता घरी बसतो. तक्रार झाली की सुनावणी होते आणि प्रमाणपत्र रद्द होतं. विक्रेता मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर मात्र जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला त्याच प्रमाणपत्रावर मुदत संपेपर्यंत धंदा चालवता येतो. त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्याने धंदा सुरू करायचा असेल तरी दार बंद नसतं. शहराची पथविक्री योजना आणि त्या क्षेत्राची क्षमता पाहून समिती प्रमाणपत्र देऊ शकते. अर्ज आवक विभागात द्या, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजलं जातं. महिना-दीड महिन्यात काहीच कळलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून एवढंच विचारा: माझा आवक क्रमांक अमुक असलेला अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि समितीची पुढची बैठक कधी? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा त्या प्रश्नानेच फाईल हलते.

घाटावरच्या जुन्या विक्रेत्यांसाठी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत फार कामाची तरतूद आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिथं विकणारे-घेणारे जमत आले, त्या जागेला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो. सर्वेक्षणात असा बाजार नोंदला गेला की तो ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. केवळ गर्दी होते हे कारण पुरत नाही. अस्वच्छतेचं कारणही तेव्हाच चालतं, जेव्हा ती घाण फक्त विक्रेत्यांमुळे झाली आहे आणि नगरपालिकेने उपाय करूनही सुटत नाही असं दाखवता येतं. देवळापुढे फुलं-नारळ विकणाऱ्यांनी मिळून समितीपुढे हेच मांडलं पाहिजे: आमची जागा नैसर्गिक बाजार म्हणून नोंदवा. एकेकट्याने जाण्यापेक्षा पंधरा-वीस जणांचा एकत्र अर्ज, सोबत जुने फोटो, याला वजन येतं.

पूररेषा आणि चाकं

समुद्रकिनाऱ्यावर भरतीची रेषा जे काम करते, ते नदीकाठी पूररेषा करते. कोकणात सागर किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीरेषेपासून मोजले जातात आणि वाळूवर पक्कं काही उभारू देत नाहीत. राज्याने २०२० मध्ये गुहागर, आरे-वारे, तारकर्ली, कुणकेश्वर, वरसोली, दिवेआगर, केळवा आणि बोर्डी या आठ किनाऱ्यांसाठी बीच शॅकचं धोरण आणलं. त्यातही उभारणी तात्पुरतीच हवी आणि प्राधान्य स्थानिकांना. कुंभार्ली उतरून गुहागरला धंदा करायचा विचार असणाऱ्या पाटण-कराडकडच्यांनी ही दुसरी बाब आधी पाहावी.

आपल्याकडे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं कोणालाच पक्क्या स्टॉलची परवानगी मिळत नाही, आणि कोणी मिळवून देतो म्हणाला तर त्याच्या हातात एक रुपयाही ठेवू नका. घाट जवळजवळ सगळे याच पट्ट्यात येतात. म्हणून घाटावर टिकतो तो चाकांचा गाडा. विटांवर ठेवलेली टपरी, खाली घातलेला सिमेंटचा कोबा, वर लोखंडी अँगल रोवून टाकलेला पत्रा, यातली एक गोष्ट जरी केली तरी तुमचा गाडा कागदावर ‘बांधकाम’ होतो. मग पथविक्रेता कायद्याचं संरक्षण बाजूला राहतं आणि अनधिकृत बांधकामाची कारवाई सुरू होते. सावलीसाठी छत्री किंवा सुटी ताडपत्री वापरा. रात्री गाडा जागेवर सोडायचा की न्यायचा हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. वेळ ठरवून दिलेली असेल तर ती संपल्यावर माल आणि गाडा हलवणं ही कायद्याने तुमची जबाबदारी आहे.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. घाटाच्या खालच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी ज्यांचं सामान नेलं त्यांना एक गोष्ट विशेष जाचली असणार: नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला नोंद लागते. गाडा कोणाचा, कुठं उभा होता, त्यात काय होतं, हे सांगणारा एकही कागद नसेल तर पंचनामा कशाचा करायचा? प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि फ्रीज, मशीन, काटा यांची बिलं घरात पूर पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि एक प्रत नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

पठार, पॉइंट आणि गावची हद्द

वन जमिनीवर गणित पूर्ण बदलतं. १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे वन जमीन वनेतर कामाला द्यायची तर केंद्राची मान्यता लागते. त्यामुळे वनक्षेत्रपाल मनात आणूनही तुम्हाला टपरीची जागा लिहून देऊ शकत नाहीत. कास पठार सातारा वन विभागाच्या अखत्यारीत आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि फुलांच्या हंगामाची व्यवस्था भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात. अशा ठिकाणी मार्ग समितीतून जातो. तुम्ही त्या गावचे असाल तर ग्रामसभेत विषय मांडा, समितीचे सभासद व्हा. बाहेरगावच्याला पठारावर जागा मिळणं जवळपास अशक्य आहे, आणि पठाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तिथला खडकावरचा मातीचा थर बोटा-दोन बोटांचा. त्यावर गाड्याची चाकं आणि गिऱ्हाइकांचे पाय पडले की पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही.

रस्त्याकडेच्या खाजगी शेतात शेतकऱ्याशी करार करून स्टॉल टाकण्याकडे बरेच जण वळतात. करार शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर असला तरी शेतजमिनीचा वापर बदलतोय, त्यामुळे बिनशेती आणि बांधकाम परवानगीचा प्रश्न येतोच. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. तिथं हा प्रश्न अधिक कडक आहे. महाबळेश्वरात पॉइंटवरची बरीच जागा वन खात्याची आणि बाजारपेठ, तलावाचा परिसर नगरपरिषदेचा, म्हणून तिथं तर उतारा पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढं टाकू नये.

गावाच्या हद्दीत, गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या जागेत, ग्रामपंचायत मासिक सभेच्या ठरावाने जागा देते आणि फी आकारते. २०१४ चा पथविक्रेता कायदा खेड्यात लागू होत नाही, त्यामुळे तिथं तुमचं संरक्षण म्हणजे तो ठराव. ठराव क्रमांक आणि तारीख असलेली प्रत घ्या. सरपंचांच्या सहीचं नुसतं पत्र पुढच्या निवडणुकीनंतर उपयोगी पडेल याची खात्री नसते.

जत्रेचा परवाना तात्पुरता असतो आणि अर्ज पुष्कळ आधी करावा लागतो. देवस्थान, ग्रामपंचायत आणि पोलीस यांची बैठक होऊन दुकानांची आखणी ठरते. आखणीच्या पांढऱ्या फक्कीबाहेर एक फूटही पुढं येऊ नका. वाई तालुक्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत जी चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ३०० च्या आसपास माणसं गेली. अरुंद चढणीची वाट, दोन्ही अंगांना दुकानं, त्यांना लागलेली आग आणि त्यात फुटलेले गॅस सिलिंडर यांनी तो प्रसंग कित्येक पटींनी भीषण केला. आज जत्रेत वाटेची रुंदी आणि सिलिंडरची संख्या यांवर अधिकारी अडून बसतात तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये. ती अट तुमच्या आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या जिवासाठी आहे.

खाण्याचा गाडा असेल तर

फुलं, खेळणी, टोप्या विकणाऱ्याला हा भाग लागू नाही. खाण्याची कोणतीही वस्तू विकली, अगदी कापलेलं कलिंगड किंवा मीठ-तिखट लावलेलं कणीस असलं, तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंद लागते. फेरीवाला, हातगाडीवाला, जत्रेतला तात्पुरता स्टॉल यांना मोठं लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ती फॉस्कॉस या केंद्रीय पोर्टलवर स्वतः करता येते: फोटो, ओळखपत्र, धंद्याचा प्रकार, ठिकाण, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी. सरकारी फी अगदी थोडी असते आणि भरताना पडद्यावर दिसते. एजंट त्याच्या कितीतरी पट मागतात. मिळणारा नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो. तो गाड्यावर गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा. अडचण आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे. अर्जात एक चूक वारंवार होते: धंद्याच्या प्रकारात ‘हॉटेल’ निवडलं जातं, मग पोर्टल जागेचा भाडेकरार मागतं आणि अर्ज अडकतो. फेरीवाला किंवा तात्पुरता स्टॉल हाच प्रकार निवडा.

तपासणीत काय पाहतात ते भेळेच्या गाड्यावरच पाहू. सगळ्यात आधी पाणी. चिंचेची चटणी, पाणीपुरीचं पाणी, हात धुणं आणि ताटल्या विसळणं हे चारही नदीतून भरलेल्या एकाच बादलीत होत असेल तर तिथंच विषय संपतो. झाकणाचे २० लिटरचे दोन जार ठेवा: एक तोटीचा, पिण्याच्या आणि चटणीच्या पाण्याचा, घरून किंवा नळावरून भरलेला; दुसरा धुण्याचा. त्याखाली झाकणाची तिसरी बादली, वापरलेल्या पाण्याची. ती संध्याकाळी गटारात रिकामी करायची. नदीत ओतायची नाही. घाटावरून हटवलेल्या गाड्यांविरुद्धच्या तक्रारी वाचल्या तर बहुतेकींत खरकटं पाणी आणि पात्रात पडलेल्या द्रोण-पत्रावळी हेच लिहिलेलं सापडतं. परवाना टिकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय ही तिसरी बादली आहे.

मग कांदा-टोमॅटो. सकाळी घरून चिरून आणलेला कांदा दुपारपर्यंत उघडा राहिला तर वास मारतो आणि माश्या बसतात. लागेल तसा थोडा थोडा चिरा. कोथिंबीर गाळलेल्या पाण्यात दोनदा धुऊन निथळून आणा. भडंग, शेव, फरसाण हवाबंद डब्यात. चटण्या स्टीलच्या भांड्यात, झाकणासह, आणि उरलेली चटणी दुसऱ्या दिवशीच्या चटणीत मिसळायची नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचे हा नियम आहे. साध्या भाषेत, वडा कोमट ठेवून चार तास विकू नका, आणि दही-मलई बर्फाच्या पेटीतच हवी. छपाई केलेल्या वर्तमानपत्रात भेळ, भजी देऊ नका. गरम तेलकट पदार्थाला शाई लागते आणि ती पोटात जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याला मनाई केलेली आहे. कोरा कागद किंवा पानाचा द्रोण वापरा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चमचे, कप, स्ट्रॉ यांवर राज्यात २०१८ पासून आणि एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००. भेळेच्या गाड्याची दोन दिवसांची कमाई एका चमच्यापायी जाते.

गॅसबद्दल. घरगुती १४.२ किलोची लाल टाकी धंद्यासाठी वापरणं बेकायदा आहे, आणि पुरवठा विभागाची धाड पडली तर टाकीसकट शेगडी जाते. व्यावसायिक टाकी १९ किलोची. छोट्या गाड्याला ती जड वाटत असेल तर ५ किलोची टाकी रहिवासी पुराव्याशिवायही मिळते आणि कणीस-चहाच्या गाड्याला बरी पडते. टाकी उभीच ठेवायची, शेगडीच्या पातळीपेक्षा खाली आणि उन्हाच्या आड. साधी रबरी नळी उन्हात तडकते. सुरक्षा होज घ्या आणि तिच्यावर छापलेलं वर्ष पाहून वेळेत बदला. वाळूची एक बादली गाड्याखाली असूद्या. वजनावर माल विकत असाल, पेढे, स्ट्रॉबेरी, भडंग, तर काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते.

भांडवल

प्रमाणपत्राचा आणखी एक थेट फायदा पैशाचा. पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला बिनतारण कर्ज मिळतं. २०२० मध्ये सुरुवात १०,००० रुपयांपासून होती. ऑगस्ट २०२५ च्या निर्णयानुसार कर्जाचा पहिला टप्पा १५,००० पर्यंत, तो वेळेत फेडल्यावर दुसरा २५,००० पर्यंत आणि तिसरा ५०,००० पर्यंत. वेळेत फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान बँक खात्यावर येतं. प्रमाणपत्र नसलं तरी नगरपरिषदेचं शिफारसपत्र चालतं. हप्ता चुकला की पुढचा टप्पा अडतो, म्हणून हंगाम संपल्यावरच्या महिन्यांचे हप्ते हंगामातच बाजूला काढून ठेवणं शहाणपणाचं. पावसाळ्यात घाटावरचा गाडा बंद असतो, बँकेचा हप्ता चालूच राहतो.

गाडा उचलला तर

कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. नंतरही हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही तरच माल जप्त करता येतो. जप्त करताना मालाची यादी करावी लागते आणि अधिकृत माणसाच्या सहीची प्रत तुम्हाला द्यावी लागते. प्रत मिळेपर्यंत तिथून हलू नका, पण अंगावर जाऊ नका. मोबाईलवर शांतपणे चित्रण करा. नाशवंत माल मागणी केल्याच्या त्याच दिवशी परत द्यायचा असतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेली फी भरून. प्रमाणपत्राच्या अटींचा भंग केला तर दंड जास्तीत जास्त २,००० रुपये. त्याहून अधिक मागितले तर पावती मागा.

प्रमाणपत्र नाकारलं, रद्द केलं किंवा निलंबित केलं तर अपील स्थानिक प्राधिकरणाकडे करता येतं. इतर वाद तक्रार निवारण समितीपुढे जातात आणि तिचा अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेला माणूस असतो. अर्ज साधा दोन पानांचा पुरतो. सोबत नोटिशीची प्रत, जप्तीची यादी, प्रमाणपत्र किंवा जुन्या पावत्या आणि जागेचा फोटो जोडा, आणि आदेश हातात पडला ती तारीख अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.